लघुप्रतिमा-युद्धखेळांतील भाववाढ आणि छंदिष्टांचा असंतोष : वर्धा जिल्ह्यातील तान्ह्या पोळ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मनुष्याच्या सांस्कृतिक जीवनात छंदाला महत्त्वाचे स्थान आहे. छंद हा उपजीविकेचा भाग नसल्यामुळे त्यावरील खर्चाचा विचार अर्थशास्त्राच्या चर्चेत सहसा गौण मानला जातो. तथापि, छंदाच्या साधनांची किंमत वाढू लागली की त्या छंदातून कोण बाहेर पडतो, हा प्रश्न केवळ हौसेचा न राहता सामाजिक होतो. लघुप्रतिमा-युद्धखेळ हे त्याचे बोलके उदाहरण आहे. या खेळातील भाववाढीची कारणे स्पष्ट करणे व तिच्याविषयीच्या नाराजीचे स्वरूप समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचे स्वरूप

लहान आकाराचे सैनिक टेबलावर मांडून, मोजपट्टी व फासे यांच्या साहाय्याने ठरावीक नियमांनुसार लढाई खेळणे म्हणजे लघुप्रतिमा-युद्धखेळ होय. दिवाळीत किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडण्याची प्रथा महाराष्ट्रात परिचित आहे. तिथे मांडणी हाच आनंद असतो, तर इथे मांडणीनंतर लढाई सुरू होते. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ यांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ मांडला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने त्याला घरगुती रूप दिले.

आजच्या व्यवसायात इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप ही कंपनी अग्रस्थानी आहे. १९७५ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या या कंपनीने १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' आणि १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' हे खेळ प्रसिद्ध केले. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा समावेश लंडन शेअर बाजारातील शंभर अग्रगण्य कंपन्यांच्या निर्देशांकात झाला. ज्या छंदाला पोरखेळ समजले जाते, त्याची आर्थिक व्याप्ती यावरून लक्षात यावी.

भाववाढीची कारणमीमांसा

प्लॅस्टिकचा सैनिक महाग का, असा प्रश्न सहज पडतो. त्याच्या किमतीत प्लॅस्टिकचा वाटा अल्प असतो. मूर्तिकाराचे आरेखन, पोलादी साचे आणि विक्रीव्यवस्था यांवर मोठा खर्च होतो. साचा एकदा तयार झाला की पुढील प्रत्येक नगाचा खर्च मात्र कमी होत जातो. म्हणून केवळ उत्पादनखर्चाच्या आधारे किमतीचे संपूर्ण समर्थन करता येत नाही. २०११ मध्ये याच कंपनीने धातूऐवजी रेझिनच्या प्रतिमा आणल्या. नवे द्रव्य आले, पण किंमत उतरण्याऐवजी चढली, आणि त्यामुळे ग्राहकांत तीव्र नाराजी पसरली.

खरे कारण मागणीच्या स्वरूपात आहे. खेळाडूला एक सैनिक नव्हे, तर संपूर्ण सेना लागते. ती विकत घेणे, जोडणे व रंगविणे यांत महिनोन्महिने जातात. नियम, प्रतिमा आणि त्यामागील काल्पनिक विश्व एकाच कंपनीच्या मालकीचे असल्यामुळे खेळाडूला सहजासहजी दुसरीकडे जाता येत नाही. त्यातच 'वॉरहॅमर ४०,०००'च्या नियमांच्या नव्या आवृत्त्या २०१७, २०२० व २०२३ मध्ये निघाल्या. आवृत्ती बदलली की जुन्या सेनेची उपयुक्तताही बदलते. अशा वेळी मागणी अलवचिक होते. आधी केलेला खर्च आणि श्रम हेच खेळाडूच्या पायातील बेडी ठरतात. 'परवडत नसेल तर घेऊ नका' हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. नाराजी वस्तू महाग असल्याची जितकी आहे, तितकीच स्वतःचे श्रम दुसऱ्याच्या हाती ओलीस पडल्याची आहे.

भारतीय छंदिष्टाच्या अडचणीत आयातशुल्काची भर पडते. आपल्या सीमाशुल्क वर्गीकरणात खेळणी आणि लघुआकारातील प्रतिकृती एकाच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. म्हणजे या शीर्षकाखाली गणल्या गेलेल्या एक हजार रुपयांच्या पेटीवर इतर कर वगळूनही सातशे रुपये शुल्क लागते. देशी खेळणी-उद्योगाला संरक्षण हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु ज्या खेळाला विशिष्ट कंपनीच्याच प्रतिमा लागतात, तिथे शुल्कामुळे देशी पर्याय उभा राहत नाही. केवळ खेळाडूंची संख्या घटते.

तान्ह्या पोळ्याचा दाखला

वर्धा जिल्ह्यात लघुप्रतिमांची एक वेगळी परंपरा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून तान्हा पोळा साजरा करतात. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा तर भव्य लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. लाकूड व मजुरी महागली की नंदीही महागतो. सजावटीच्या चढाओढीत गरिबाचे मूल मागे पडण्याचा धोकाही इथे आहेच. तरीही या परंपरेची अर्थरचना भिन्न आहे. नंदीच्या रूपावर कोणा एकाची मालकी नाही. एका सुताराने अधिक दाम सांगितले तर दुसऱ्याकडे जाता येते, किंवा घरीही नंदी घडविता येतो. जुन्या नंदीला रंगाचा हात दिला की तो यंदाही चालतो. त्याची 'आवृत्ती' कालबाह्य होत नाही. शिवाय नंदी घेऊन घरोघरी जाणाऱ्या मुलाला बोजारा मिळतो. समाज खेळणाऱ्या मुलालाच काही देतो.

साधने कोणाच्या हाती असावीत, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांनी येथील मगनवाडीतून चालविले. त्या विचाराच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

पर्यायांची दिशा

ऐतिहासिक युद्धखेळात मक्तेदारीला फारसा वाव नसतो, कारण इतिहासावर कोणाचा एकाधिकार नाही. समान प्रमाणातील सैनिक अनेक उत्पादकांकडून मिळतात. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि वेलस्लीची फौज यांच्यात अडगाव येथे झालेली लढाई कोणत्याही कंपनीच्या परवानगीशिवाय टेबलावर मांडता येईल. सैनिक मातीचे, लाकडाचे वा पुठ्ठ्याचे असले तरी चालतील. त्रिमिती मुद्रणामुळे स्वतः प्रतिमा बनविणेही शक्य झाले आहे. मात्र दुसऱ्याच्या कलाकृतीची परवानगीविना नक्कल करणे न्याय्य ठरत नाही. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी सामायिक संच तयार केल्यास विद्यार्थ्याला वैयक्तिक खर्चाविना हा अभ्यासपूर्ण खेळ अनुभवता येईल.

समारोप

मूर्तिकाराला श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. त्याविषयी दुमत नसावे. मात्र प्रतिमा, नियम आणि कल्पनाविश्व एकाच हाती एकवटले की किंमत ठरविताना खेळणाऱ्याचे मत उरत नाही. भाववाढीचे दुःख सर्वाधिक जाणवते ते नव्याने येऊ पाहणाऱ्या, हाती पैसा कमी असलेल्या तरुणाला. तो येईनासा झाला की प्रतिमा कितीही सुबक असल्या तरी समोर बसून खेळायला कोणी उरत नाही. छंद टिकवायचा असेल तर त्याची काही साधने तरी खेळणाऱ्यांच्या हाती राहणे आवश्यक आहे.