कामाला निघालेल्या माणसाचा कादंबरीकार

(लेखमाला : कादंबरी आणि तिचे वाचक, भाग सातवा)

मागच्या आठवड्यात आपण हरिभाऊ आपट्यांविषयी बोललो. ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने येणाऱ्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ने पांढरपेशा घरांतल्या स्त्रियांचं दुःख वाचकांसमोर कसं मांडलं, ते पाहिलं. या भागातला लेखक त्या घरांपासून फार लांबचा आहे. त्याचा वाचक गिरणगावच्या चाळींत आणि कामगार वस्त्यांत घडला. हा लेखक म्हणजे अण्णा भाऊ साठे.

अण्णा भाऊ आज कोणाचे, याचा विचार करायला मारुंजीसारखी जागा नाही. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून आहे. काल जिथे शेतं होती तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि अजून राहतच आहेत. इथे माणूस कामासाठी येतो. संगणकावर काम करणारा लातूर-नांदेडहून येतो, तशी विटा-वाळू वाहणारी जोडपीही मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून येतात. एकाचा मुक्काम बाराव्या मजल्यावर, दुसऱ्याचा त्याच इमारतीच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोलीत. गाव मात्र दोघांचंही मागेच राहिलेलं असतं. अशा माणसाला मराठी कथा-कादंबरीच्या मधोमध आणून बसवण्याचं श्रेय ज्यांना द्यावं लागतं, त्यांत अण्णा भाऊंचं नाव फार वर आहे.

ते स्वतःच त्या वाटेने आलेले होते. जन्म १ ऑगस्ट १९२०चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात. शाळा जेमतेम दीड दिवसाची. १९३१च्या सुमारास वडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. पडेल ते काम केलं, गिरणीत राबले आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं जुळवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीशी गाठ पडली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वाचता न येणाऱ्या कामगारांपुढे पोवाडे आणि वगनाट्यं सादर करता करता त्यांना आपला श्रोता कळला. पुढे कादंबरी लिहिताना हाच श्रोता समोर होता. म्हणून त्यांचं वाक्य छोटं, प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहणारा आणि गोष्ट कुठेही न थांबणारी असते.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड पुष्कळांना ठाऊक असते, तिचा संदर्भ मात्र सगळ्यांना ठाऊक नसतो. बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या माणसाची ती तळमळ आहे. पण ती लिहिली गेली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. शेवटाकडे येता येता ती ताटातूट बेळगाव-कारवारसारख्या, महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाची होते. राजकीय मागणीला त्यांनी घरच्या विरहाचं रूप दिलं, म्हणून लढा संपल्यावरही गाणं उरलं. आज मारुंजीत ते ऐकणाऱ्याला राज्यपुनर्रचनेचा इतिहास ठाऊक नसेल, पण गावी राहिलेलं माणूस म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

‘फकिरा’ १९५९ साली आली. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. गोष्ट वारणेच्या खोऱ्यातली. राणोजी मांग शिगावच्या जत्रेतला मान, म्हणजे जोगणी, आपल्या गावी आणतो. रिवाजाप्रमाणे जोगणी वेशीच्या आत आली की पाठलाग थांबायला हवा. पण बापू खोत रिवाज मोडतो आणि राणोजीला मारतो. त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो तो दुष्काळाच्या आणि इंग्रजी कायद्याच्या तोंडावर. त्याच्या जमातीतल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागते, घरात दाणा नसतो. तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिनाही लुटतो. उपाशी माणसाने आधी जगलं पाहिजे, असं मानणारे विष्णुपंत कुलकर्णी आणि शंकरराव पाटील हेही याच कादंबरीत आहेत. गावातल्या प्रत्येक सवर्णाला अण्णा भाऊ खलनायक करत नाहीत. माणूस संकटात कोणाच्या बाजूने उभा राहतो, एवढंच ते पाहतात.

या गोष्टीमागचा कायदा खरा आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवलं. तो १९५२ साली रद्द झाला. म्हणजे ‘फकिरा’ बाजारात आली तेव्हा त्या हजेऱ्या आठवणारी माणसं हयात होती. कायदा गेला तरी संशय गेला नाही. आजही कुठे चोरी झाली की पहिली नजर माळावरच्या पालांकडे वळते. त्या पालांतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला ‘फकिरा’ ही जुन्या काळची साहसकथा वाटत नाही. ज्याला सरकारी कागदाने चोर म्हटलं, त्याला ही कादंबरी नायक म्हणते, हे त्याला पहिल्या काही पानांतच उमगतं.

तरीही नव्या वाचकाने सुरुवात ‘स्मशानातील सोनं’ या कथेपासून करावी, असं मी सुचवेन. भीमा हा गावाहून मुंबईच्या उपनगरात आलेला धिप्पाड माणूस. खाणीत काम मिळतं, बायको आणि लाडकी मुलगी यांच्यासह संसार लागतो. मग खाण बंद पडते. काम शोधून थकलेल्या भीमाला एके दिवशी मढ्याच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो, पुढे प्रेतं उकरू लागतो. शेवटच्या रात्री नुकत्याच पुरलेल्या प्रेतासाठी तो कोल्ह्यांशी झुंजतो, आणि सोनं शोधताना त्याची बोटं मढ्याच्या जबड्यात अडकतात. डॉक्टरांना त्याची दोन बोटं कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारी बोटं गेली, म्हणून तो पहाडासारखा माणूस लहान मुलासारखा रडतो.

ही कथा महाविद्यालयांत शिकवली जाते आणि बहुतेकांना त्यातली भयानक रात्र लक्षात राहते. पण सगळा कणा त्या बंद खाणीत आहे. भीमा आळशी नाही, दुष्टही नाही. रोजगार गेला आणि त्याच्याकडे विकायला दुसरं काही नव्हतं. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात कंत्राट संपलं म्हणून उद्यापासून येऊ नको, असं ऐकलेला कोणीही ही कथा वाचेल तेव्हा त्याची नजर स्मशानाआधी खाणीवर थांबेल. रोज सकाळी चौकातल्या मजूर अड्ड्यावर उभं राहणाऱ्यांना भीमाचा तो मधला काळ पाठ आहे.

औद्योगिक पट्ट्याने अण्णा भाऊंना आपलं मानलं आहे, हे निगडीत दिसतं. तिथल्या चौकात त्यांचा पुतळा आहे आणि १ ऑगस्टच्या सुमारास पिंपरी-चिंचवड महापालिका तिथे प्रबोधन पर्व भरवते. पोवाडे होतात, व्याख्यानं होतात, माणसं बायकापोरांसह येतात. मराठी कादंबरीकाराची जयंती गल्लीगल्लीत साजरी होते, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्या पडद्यावर गेल्या, २००२ साली टपाल तिकीट निघालं आणि २०२२ साली मॉस्कोतही त्यांचा पुतळा बसला. हे सगळं मोलाचं आहे. पण पुतळ्यापुढे हार घालणाऱ्या हातात पुस्तक नसेल, तर आपण निम्माच वारसा घेतला, असं मला मनापासून वाटतं.

उरलेल्या निम्म्यासाठी समीक्षकही जबाबदार आहेत. ‘लोकशाहीर’ म्हणून त्यांचा गौरव झाला आणि त्याच शब्दाआड त्यांचा कादंबरीकार बराच काळ झाकला गेला. त्यांच्या लेखनात उणिवा आहेत. नायक अनेकदा निर्दोष असतो, योगायोग धावून येतात, घाईच्या खुणा दिसतात. पोटासाठी झरझर लिहिणाऱ्या माणसाच्या तीसहून अधिक कादंबऱ्यांत हे होणारच. उणिवा मोजताना हेही मोजावं, की ‘माकडीचा माळ’मध्ये भटक्यांचं जग, ‘वैजयंता’मध्ये तमाशातल्या स्त्रीची इभ्रत त्यांनी अशा काळात मांडली, जेव्हा कादंबरीचं लक्ष बहुधा दुसरीकडे होतं. १९५८ साली मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी सांगितलं होतं, की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित, कामगारांच्या तळहातावर तरलेली आहे. त्यांच्या कादंबऱ्या या विचाराचा पुरावा म्हणून वाचता येतात.

म्हणून या आठवड्यासाठी एक सुचवणं. मारुंजीसारख्या गावातल्या मोठ्या सोसायट्यांत वाचनकट्टे सुरू होत आहेत, तिथे आधी ‘स्मशानातील सोनं’ मोठ्याने वाचावी. अर्ध्या तासात होते. सुटीच्या दिवशी शेजारच्या बांधकामावरच्या मराठी जोडप्यांनाही ऐकायला बोलवावं. ही कथा त्यांची आहे आणि तिच्यावर बोलण्याचा पहिला हक्कही त्यांचा आहे. त्यानंतर ‘फकिरा’ हातात घ्यावी. दोन्ही आजही सहज आणि स्वस्तात मिळतात.

पुढच्या भागात : व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, आणि दुष्काळात रिकामं होणारं गाव आज कोण वाचतं.