छोट्या पडद्यामागे (भाग 5) : मालिकेची वेळ कशी ठरते?

मराठी मनोरंजन वाहिनीची खरी कमाई संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या पाच तासांत होते. अर्ध्या अर्ध्या तासाचे दहा स्लॉट. बाकीचा दिवस मुख्यतः याच भागांचे पुनःप्रक्षेपण आणि चित्रपट यांवर निघतो.

1972 मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर मालिका आठवड्यातून एकदा लागत. खासगी वाहिन्यांवरही सुरुवातीला साप्ताहिक मालिकांना जागा होती. अल्फा मराठीवरील ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ हे त्याचे ठळक उदाहरण. पुढे दैनंदिन मालिकेने तो पट व्यापला. एकच सेट रोज वापरता येतो, प्रेक्षकाला ठरावीक वेळेची सवय लागते आणि जाहिरातदाराला तोच प्रेक्षक रोज मिळतो. ई टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून तब्बल अकरा वर्षे चालली. याची किंमत लेखनाने मोजली. आठवड्याला सहा भाग पुरवायचे म्हटल्यावर कथेत पाणी घालावेच लागते.

कोणता स्लॉट कोणाला, हे त्या वेळी घरात रिमोट कोणाच्या हाती असतो त्यावर ठरते. सहाच्या सुमारास गृहिणी आणि ज्येष्ठ मंडळी टीव्हीसमोर असतात. 2004 मध्ये सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’ त्याच वेळी रुजला. सात ते नऊ हा कौटुंबिक मालिकांचा काळ. मुले झोपल्यावर भय आणि गुन्हा यांना वाव मिळतो, म्हणून ‘रात्रीस खेळ चाले’ आणि ‘देवमाणूस’ साडेदहाला दिसल्या.

शेजारही तितकाच महत्त्वाचा. एक मालिका संपून दुसरी सुरू होते, त्याच क्षणी वाहिनी बदलली जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून नवी मालिका शक्यतो दोन लोकप्रिय मालिकांच्या मध्ये बसवतात. ‘महासंगम’ हा त्याच्या पुढचा उपाय: दोन मालिकांची पात्रे एका लग्नात किंवा सणात एकत्र आणून सलग तासभर प्रेक्षकाला धरून ठेवायचे. रविवारचा ‘महाएपिसोड’ही याच विचारातून येतो.

दर गुरुवारी टीआरपीचे आकडे हाती आले की ही मांडणी पुन्हा तपासली जाते. मार्च 2024 मध्ये स्टार प्रवाहने ‘आई कुठे काय करते’ साडेसातवरून दुपारी अडीचला नेली. असा बदल सहसा अवनती मानला जातो, पण ते पूर्ण खरे नाही. नव्या वेळेची सवय लावायची तर हक्काचा प्रेक्षक असलेली जुनी मालिकाच उपयोगी पडते. नवख्या मालिकेला ते जड जाते.

विनोदाचे गणित वेगळे आहे. प्रहसनाला लेखन, तालीम, वेशभूषा यांचा वेळ लागतो आणि रोज नवा विषय लागतो. कालच्या भागातला तणाव आज पुढे ओढता येत नाही. त्यामुळे आठवड्यातले मोजके दिवस आणि एक तासाचा भाग ही रचना त्याला मानवते. ‘चला हवा येऊ द्या’ दीर्घकाळ सोमवार-मंगळवारी साडेनऊला लागत असे. प्रत्येक प्रहसन स्वतंत्र असल्याने पुनःप्रक्षेपणातही ते ताजे वाटते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधली प्रहसने तर परदेशातले मराठी लोक यूट्यूबवर पुन्हा पुन्हा पाहतात. टीआरपी मात्र घरातल्या टीव्ही संचावरूनच मोजली जाते, त्यामुळे स्लॉट ठरवताना या प्रेक्षकाची नोंद त्या आकड्यांत नसते.