डायनॅमो नसलेल्या विमानाचे दिवे

जुलैत गगनबावड्याला भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले असतात. करूळ घाट चढून येणारा ट्रक धुक्यातून आधी दोन ठिपके होऊन येतो आणि मग ट्रक होतो. पिवळे-पांढरे ठिपके म्हणजे समोरून येतोय, लाल म्हणजे आपल्या पुढे चाललाय. घाटात एवढं कळलं तरी पुष्कळ.

जुन्या हलक्या विमानांना दिवे बसवण्याच्या उद्योगावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी स्टँडजवळच्या एका वायरिंगवाल्याकडे फॉग लॅम्प दुरुस्त करून घेत होतो. त्यालाच विचारलं, विमानाला दिवे लावायला किती वेळ लागेल?

"बल्ब लावायला व्हय? धा मिनटं. करंट कुठनं आणणार ते बोला."

त्यात बॅटरीच नाही म्हटल्यावर त्यानं पक्कड खाली ठेवली. "मग चालू कसं हुतंय?"

त्याचा हा प्रश्न या लेखाला पुरून उरला.

गगनबावड्याच्या नावात गगन आहे, विमानतळ नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा विमानतळ उजळाईवाडीला. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला. पण माझ्या डोळ्यांपुढचं विमान या जिल्ह्याशी धावपट्टीपेक्षा जवळचं नातं सांगतं. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूत १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी भारतीय बनावटीच्या विमानांचे आराखडे केले. १९५१ मध्ये एचटी-२ उडालं, १९५८ च्या सप्टेंबरात 'पुष्पक'. पुष्पक म्हणजे शेजारी-शेजारी बसायच्या दोन जागा, वर पंख, अंगावर कापड, नव्वद अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कित्येक वैमानिक यावर शिकले. कोल्हापूरकरांना मल्ल आणि चित्रपटवाले पाठ असतात, घाटगे सांगावे लागतात.

पुष्पकच्या इंजिनाला स्टार्टर नाही. एकजण आत ब्रेक दाबून बसतो, दुसरा बाहेर पंख्यासमोर उभा राहतो. "स्विच ऑफ?" "स्विच ऑफ." पंखा दोन-चार वेळा हाताने फिरवून सिलिंडरात पेट्रोल ओढून घ्यायचं. मग "काँटॅक्ट!", एक झटका, आणि झटक्याबरोबरच अंग मागे. ठिणगी देतो मॅग्नेटो. तो इंजिनाबरोबरच फिरतो आणि स्वतःची वीज स्वतः करतो. बॅटरीशी त्याचं देणंघेणं नाही, म्हणून हवेत बॅटरी उतरून इंजिन बंद पडायची भीतीही नाही. ही स्वयंपूर्णता मला फार आवडते. दिवे लावायचे म्हटलं की पहिला अडथळाही तीच होते, कारण मॅग्नेटोची वीज ठिणगीपुरतीच. उसनी मागायची सोय नाही.

दिव्यांची भाषा तशी सोपी आहे. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, नाकासमोरून डावीकडे ११० अंश दिसणारा. उजव्या टोकाला हिरवा, तोही ११०. शेपटीला पांढरा, १४०. बेरीज ३६०, म्हणजे कुठूनही पाहा, एक तरी दिसणारच. लाल-हिरवे दोन्ही दिसले तर विमान सरळ तुमच्या अंगावर येतंय. नुसता पांढरा दिसला तर तुम्ही त्याच्या मागे आहात. खरी गंमत आडव्या वाटेची. नियम असा की उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. आणि उजवीकडून आडवं जाणाऱ्या विमानाची तुम्हाला डावी बाजू दिसते, म्हणजे लाल दिवा. थांबायचं त्यालाच लाल दिसतो. जहाजांकडून आलेली ही व्यवस्था आहे, आणि तिच्यात मला आजवर खोट सापडलेली नाही.

टक्कर टाळायचा दिवा निराळा. तो लुकलुकतो, मिनिटाला ४० ते १०० वेळा, आणि दिशा न सांगता नुसतं 'मी इथे आहे' म्हणतो. अमेरिकी नियमांत १९७१ पूर्वीच्या विमानांना १०० कॅन्डेला चालतात, नंतरच्यांना ४०० लागतात. जुन्या विमानाला जुनं माप, ही कायद्याची माणुसकीच म्हणायची.

आता करंट. जुन्या पद्धतीचे तीन बल्ब बारा व्होल्टवर मिळून सहाएक अँपिअर ओढतात. वर फिरता लाल दिवा घेतला तर दहाच्या घरात जातो. चोवीस अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर अडीच तासांच्या आतच संपते, प्रत्यक्षात त्याहूनही लवकर. पूर्वी काही हलक्या विमानांना वाऱ्यावर फिरणारा छोटा डायनॅमो लावत, पण तो वेग खातो. एलईडीने हे गणित पार बदललं. मात्र जुन्या काचेमागे पांढरा एलईडी ठेवून भागत नाही. तारेच्या बल्बचा उजेड पिवळसर, म्हणून हिरव्या दिव्याची काच मुद्दाम निळसर केलेली असते. पांढऱ्या एलईडीपुढे तीच काच आणखी निळी दिसते आणि लाल काचेतून जेमतेम उजेड बाहेर येतो. रंग नियमात मापून दिलेले असल्यामुळे एलईडीच लाल आणि हिरवा घ्यावा लागतो.

मग वायर. आमचा वायरिंगवाला एक वायर दिव्याला नेतो, दुसरी बॉडीला टेकवतो, झाली अर्थ. कापडाच्या पंखात टेकवायची कशाला? जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी न्याव्या लागतात, त्याही एकमेकींत पिळून. नाहीतर त्यांच्या चुंबकत्वाने होकायंत्र सरकतं. डोपचा लेप मारून ताणलेलं कापड पेट घ्यायला उतावीळ असतं, म्हणून वायर कुठे घासता कामा नये आणि फ्यूज हवाच. शेपटीचा दिवा रडरवर बसवला तर बिजागरीच्या मागे वजन वाढून रडर थरथरायचा धोका.

वजनाचं तर विचारूच नका. सहाशे किलोंचं विमान. आठ किलोंची बॅटरी तोलबिंदूच्या दोन मीटर मागे ठेवली की सोळाला सहाशेने भागा: तोल जवळजवळ पावणेतीन सेंटीमीटर मागे गेला. असल्या विमानात मुळात मोकळीक असते काही इंचांचीच. म्हणून विमान पुन्हा वजनावर चढवायचं, नवा तक्ता करायचा, बदलाला डीजीसीएची मान्यता घ्यायची, परवानाधारक अभियंत्याची सही घ्यायची. दहा मिनिटांच्या बल्बामागे ही एवढी वरात.

आणि हे सगळं पार पडल्यावर धुक्यात काय? घाटात नवखा ड्रायव्हर घाबरून अप्पर मारतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. ढगात लुकलुकणारा दिवाही तसाच परत वैमानिकाच्या डोळ्यांवर येतो, डोकं गरगरतं. तिथे तो बंद करण्याची मुभा नियमच देतात.

माझं मत विचाराल तर पुष्पकसारख्या विमानाला एलईडीचा लुकलुकता दिवा आणि लहान बॅटरी जरूर द्यावी. दिवसाच्या धूसर हवेत दुसऱ्याला दिसणं हे मोठं काम आहे. पण दिवे लागले म्हणून ते रात्रीचं विमान झालं, असं कुणी समजू नये. भारतात डोळ्यांनी बघून उडायच्या नियमांखाली सूर्यास्तानंतर उडता येत नाही. सूट मिळते ती नियंत्रण कक्षाच्या परवानगीने, तीही विमानतळाच्या आसपास.