रक्तदाब सांगावा कसा? धाराशिवपासून इटलीपर्यंत

मुलगा मिलानला शिकत असेल किंवा पेढीचे मालक व्हिचेन्झा येथील सुवर्णालंकारांच्या प्रदर्शनास निघाले असतील, तर प्रवासाच्या तयारीत खाखरे, मेतकूट, सुकामेवा यांची आठवण आधी होते. रक्तदाबाच्या गोळ्याही पिशवीत पडतात. परंतु प्रकृती बिघडल्यास परक्या भाषेतील वैद्यांना काय सांगावयाचे, याचा विचार सहसा होत नाही.

रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याचे इटलीशी जुने नाते आहे. दंडाला हवेची पट्टी बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याचे साधन शिपिओने रीव्हा-रॉची या वैद्यांनी 1896 मध्ये तोरिनो येथे प्रसिद्ध केले. नाडी चाचपून त्यातून वरचाच आकडा मिळे. 1905 मध्ये रशियातील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी नळीने धमनीचे ध्वनी ऐकण्याची रीत सांगितली, तेव्हा खालचाही आकडा सुलभ झाला. आपण ज्यांना ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणतो, त्यांना इटालियन लोक ‘मास्सिमा’ आणि ‘मिनिमा’ म्हणतात. मापाचे एकक मात्र दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून पहिले वाक्य सोपे आहे : ‘ओ ला प्रेस्स्योने आल्ता’, मला उच्च रक्तदाब आहे. 140/90 हा आकडा ‘चेन्तोक्वारान्ता सु नोवान्ता’ असा उच्चारतात. न जमल्यास कागदावर लिहून दाखवावा. चक्कर येत असल्यास ‘मी जीरा ला तेस्ता’. शब्दशः हे ‘माझे डोके फिरते’ असे होते. मराठीत त्याचा अर्थ रागाकडे जातो, तेथे तो चक्करच होय. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे.

दुसरी गोष्ट औषधाच्या नावाची. गोळीच्या पाकिटावरील व्यापारी नाव देशागणिक बदलते. मूळ नाव फारसे बदलत नाही. ‘अ‍ॅम्लोडिपिन’ तेथे ‘आम्लोदिपीना’ होते, ‘टेल्मिसार्टन’ तसेच राहते. मूळ नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून ‘सेन्त्सा जेलातीना आनिमाले’, प्राणिज जिलेटिनविरहित, हे शब्दही श्रावकांच्या उपयोगी पडतील.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच नेमकी लपवली जाते : उपवास. ‘सोनो आ दिजूनो पेर मोतीवी रेलिजोझी’, धार्मिक कारणाने मी उपाशी आहे. लघवी वाढवून दाब उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना निर्जल उपवास केल्यास शरीरातील पाणी घटून भोवळ येऊ शकते. उलट गोळी मनाने बंद केल्यास दाब वाढतो. चौविहार पाळणाऱ्यांची रात्रीची गोळी पुष्कळदा सूर्यास्ताआधी घेता येते. परंतु तो बदल वैद्यांनीच सांगावयास हवा.

हे केवळ परदेशाचे नव्हे. भूम तालुक्यातील कुंथलगिरीस निघालेले आजोबा किंवा दशलक्षण पर्वात दहा उपवास धरणाऱ्या काकू यांनीही धाराशिवातील आपल्या डॉक्टरांना पर्वापूर्वीच हे सर्व सांगावे. पारण्यानंतरच्या पापड-लोणच्याकडेही लक्ष असावे; दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पेढीच्या खात्यात एक रक्कमही दडवून चालत नाही. शरीराच्या हिशेबातही आकडा, औषध आणि उपवास या तिन्ही नोंदी वैद्यांपुढे स्पष्ट असाव्यात. मग भाषा कोणतीही असो.