गोठणगावचा लोसार: सणातून तिबेटी भाषेची ओळख

गोंदिया जिल्ह्यात राहून तिबेटी शिकायचीय? अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ 1972 पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला 1999 मध्ये.

भाषेची सुरुवात लोसारपासून करा. हे तिबेटी नववर्ष चांद्र पंचांगानुसार बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं.

🔸 गुथुक: वर्षाच्या शेवटच्या महिन्यात 29 तारखेच्या रात्रीचं सूप. कणकेच्या गोळ्यांत वस्तू लपवतात. मिरची निघाली तर तुम्ही बडबडे, लोकर निघाली तर प्रेमळ, कोळसा निघाला तर काळ्या मनाचे! हशा पिकतो आणि स्वभावाचे शब्द आपोआप पाठ होतात.
🔸 खाप्से: सणासाठी तळलेला, वेगवेगळ्या आकारांचा पदार्थ.
🔸 चेमार: सातूचं पीठ आणि लोणी. चिमूटभर घेऊन हवेत उडवायचं, थोडं तोंडात टाकायचं.

पहिले दोन शब्दप्रयोग: शुभेच्छा द्यायला ‘लोसार ताशी देलेक’, आभार मानायला ‘थुकजे छे’.

नवेगावबांधला जाणाऱ्यांनो, वसाहतीलाही जरूर भेट द्या. आधी विचारून जा, फोटोपूर्वी परवानगी घ्या आणि ‘ताशी देलेक’ म्हणायला विसरू नका!

#गोंदिया #लोसार #तिबेटीभाषा