'लाँगिंगली' या इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ व मराठी पर्याय

प्रस्तावना : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत रोजगारासाठी मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील अनेक विद्यार्थी शिकतात. गावाची ओढ त्यांना परिचित असते. तथापि, हाच भाव व्यक्त करणारे 'लाँगिंगली' हे क्रियाविशेषण पाठात आले की त्याचे भाषांतर पुष्कळदा 'आतुरतेने' असे केले जाते. हा पर्याय कोठे अपुरा पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अर्थ : 'लाँगिंगली' हे 'लाँग' या क्रियापदापासून साधलेले रीतिवाचक क्रियाविशेषण आहे. या क्रियापदाचे मूळ 'लांब' या अर्थाच्या विशेषणात आहे. प्राचीन इंग्रजीत त्याची रचना भावकर्तृक होती. 'मला मळमळते' या मराठी वाक्याप्रमाणे भावना अनुभवणारी व्यक्ती तेथे कर्ता नसे. मराठीतही 'मला गावाची ओढ लागते' असेच म्हटले जाते. मात्र इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लांबी आहे, तर 'ओढ' या शब्दाच्या मुळाशी खेचले जाणे आहे.

उपयोजन : पाहणे, बोलणे, स्मरण करणे या अर्थाच्या क्रियापदांबरोबर हे क्रियाविशेषण प्रामुख्याने येते. इष्ट वस्तू दूर वा दुष्प्राप्य असणे, हा त्याचा गाभा होय. चाकणचा एखादा कामगार गावाकडे निघालेल्या एस.टी.कडे 'आतुरतेने' पाहतो, असे म्हटल्यास तो तीत बसणार आहे असे वाटते. 'आसुसलेल्या नजरेने' पाहतो म्हटल्यास त्याला रजा नाही, हे न सांगता कळते. एका शब्दाने माणसाची परिस्थितीच पालटते.

मराठीत या अर्थासाठी एकच ठरावीक क्रियाविशेषण नाही. 'ओढीने' हे तृतीयान्त नाम, 'आसुसून' हे धातुसाधित अथवा 'आसुसलेल्या नजरेने' ही विशेषणयुक्त रचना संदर्भानुसार योजावी लागते. 'आर्ततेने' हा पर्याय अधिक तीव्र आहे. संस्कृतात 'आर्त' म्हणजे पीडित. मराठी संतवाङ्मयात त्याला उत्कट इच्छेचाही अर्थ लाभला. देहू व आळंदी ही संतांची गावे याच परिसरात असल्याने विद्यार्थ्यांना हा शब्द समजावून देणे सुलभ ठरते.

समारोप : शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द देऊन थांबण्याऐवजी 'इष्ट वस्तू मिळणार आहे की दुरावली आहे?' हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. त्याच्या उत्तरातून योग्य पर्याय निवडता येतो आणि घरच्या भाषेतील शब्दसंपत्ती इंग्रजीच्या अध्ययनास साहाय्यभूत ठरते.