फातिमाबींच्या तोंडी कोणाचे शब्द?

जानेवारी महिना उजाडला की आमच्या शाळेत सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख यांच्यावर काही ना काही कार्यक्रम होतोच. ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती आणि ९ जानेवारी ही फातिमाबींची म्हणून पाळली जाणारी जयंती. उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय मी शिकवत असल्यामुळे या कार्यक्रमाची जबाबदारी बहुधा माझ्याच गळ्यात पडते. दरवर्षी तीच भाषणे, तेच तक्ते. या खेपेला नववीच्या दोन मुली मात्र पुढे आल्या आणि म्हणाल्या, "टीचर, आम्ही भाषण नाही करणार. आम्ही फातिमाबींनाच वर्गात आणणार!"

वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या. टेबलावर मोबाईल आडवा ठेवला आणि त्याच्या पडद्यावर, निमुळती बाजू खाली करून, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक छोटा पिरॅमिड उभा केला. जुन्या सीडीच्या डब्या कापून चार तुकडे चिकटवले होते, एवढेच. दिवे मालवले आणि त्या प्लॅस्टिकच्या आत बोटभर उंचीची एक स्त्री अधांतरी उभी राहिली. डोक्यावर पदर, डोळ्यांत शांतपणा. ती मराठीत बोलू लागली. आपला जन्म, आपला भाऊ, सावित्रीबाईंशी जडलेली मैत्री, रस्त्यावर लोकांनी मारलेले शेण आणि दगड हे सारे तिने दोन मिनिटांत सांगितले. वर्ग चिडीचूप झाला होता. खरे सांगायचे तर माझ्याही डोळ्यांत पाणी आले.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने विचारले, "टीचर, हे सगळं त्या खरंच बोलल्या होत्या का?"

मी त्या दोघींकडे पाहिले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. भाषण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपने लिहून दिले. चेहरा इंटरनेटवरच्या चित्रावरून घेतला. दुसऱ्या एका ॲपने त्या चेहऱ्याचे ओठ हलवले. "आणि आवाज?" मी विचारले. "आवाज यादीतून निवडला, टीचर. आठ-दहा आवाज होते, त्यातला हा चांगला वाटला."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण त्या मुलींनी काही वाईट केले नव्हते. आपल्या समाजातल्या एका शिक्षिकेला पाहावे, ऐकावे, ही त्यांची ओढ खरी होती. पण जे ऐकले ते फातिमाबींचे नव्हते.

काचेची जुनी करामत

आधी या तंत्राविषयी थोडे. ज्याला आपण सरसकट 'होलोग्राम' म्हणतो ते बहुतेक वेळा खरे होलोग्राम नसतेच. खऱ्या होलोग्राफीचा शोध डेनिस गॅबोर या शास्त्रज्ञाने लावला आणि त्यासाठी त्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या वर्गात झाला तो प्रयोग त्याहून पुष्कळ जुना आहे. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरकी काच उभी करून, खाली लपलेल्या नटाचे प्रतिबिंब प्रेक्षकांना 'भूत' म्हणून दाखवले. रात्री उजेडाच्या खोलीतून खिडकीच्या काचेत पाहिले की आपलाच चेहरा बाहेरच्या अंधारात तरंगताना दिसतो ना, तसेच हे. आज काचेच्या जागी पातळ पारदर्शक पडदा आला आणि नटाच्या जागी संगणकाने घडवलेले चित्र.

आपल्या देशाने याचे मोठे उदाहरण २०२२ मध्ये पाहिले. २३ जानेवारीला दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांची २८ फूट उंचीची प्रकाशप्रतिमा उभी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे दगडी पुतळा बसवला गेला. ती प्रतिमा मूक होती. पुतळ्यासारखीच उभी होती. त्यामुळे कोणाची फसवणूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रतिमा बोलू लागली की प्रश्न सुरू होतो. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या एका राजकीय मेळाव्यात दिवंगत बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले भाषण ऐकवले गेले. त्यांच्या निधनाला तेव्हा बारा वर्षे उलटून गेली होती. त्यांच्या भाषणांची ध्वनिमुद्रणे विपुल आहेत, त्यामुळे आवाज जुळवणे शक्य झाले. पण शब्द आजचे आणि विषयही आजचे. त्यावर राजकारणात बराच वाद झाला. त्याआधी संगीतकार ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दिवंगत गायकांचे आवाज याच तंत्राने वापरले. त्यांनी दोघांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. म्हणजे विचारून, सांगून, हक्क देऊन काम करता येते.

पण या सर्व माणसांचे आवाज निदान उपलब्ध होते. फातिमाबींचे काय?

एका पत्रातला उल्लेख

फातिमाबींचा आवाज नाही, त्यांच्या हातचा लेख नाही. त्यांचे म्हणून जे जुने छायाचित्र सगळीकडे फिरते, त्याच्या ओळखीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. गूगलने ९ जानेवारी २०२२ रोजी त्यांच्या सन्मानार्थ चित्र झळकवले आणि जन्मतारीख घरोघरी पोचली. पण त्या तारखेला त्या काळातील कागदाचा आधार मिळालेला नाही.

मग आहे काय? आहे ते एक पत्र. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेरून जोतीरावांना लिहिलेले. आजारपणामुळे त्या माहेरी गेल्या होत्या. भावाने त्यांची सेवा केली, पण महार-मांगांसाठी चाललेल्या कामाबद्दल टोमणेही मारले आणि त्यांनी भावाला कसे समजावले, हे सारे त्या पत्रात आहे. त्याच पत्रात त्यांना पुण्यातल्या फातिमाची आठवण येते. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात हे पत्र छापलेले आहे.

मी हे वर्गात सांगितले आणि पत्राच्या शिरोभागी 'नायगाव' असल्याचा उल्लेख केला, तेव्हा मुली उसळल्याच. "आपलं नायगाव, टीचर? दादरचं?" नाही गं बाई! ते सातारा जिल्ह्यातले नायगाव, सावित्रीबाईंचे जन्मगाव. आपले नायगाव बीडीडी चाळींचे आणि पोलीस वसाहतीचे. पण नावाच्या या योगायोगामुळे ते पत्र मुलींना एकदम घरचे वाटू लागले.

किती लहानसा उल्लेख आहे तो! पण त्याचे वजन पाहा. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख नावाची कोणी स्त्री नव्हतीच, हे पात्र आपणच रचून लोकप्रिय केले. आपल्या घराघरांत अस्वस्थता पसरली. त्या वेळी त्यांच्या बाजूने काय उभे राहिले? कोणतेही रंगीत चित्र नाही, कोणतीही चित्रफीत नाही. उभे राहिले ते हे पत्र, समाजमाध्यमे जन्मालाही आली नव्हती तेव्हा छापले गेलेले.

माझ्या काळजीचे कारण नेमके हेच आहे. आपण प्रेमापोटी फातिमाबींच्या तोंडी शंभर भाषणे घातली, तर उद्या कोणीही म्हणेल, "हे भाषण बनावट, हा चेहरा बनावट, मग ती बाईही बनावट." खोट्या शंभर गोष्टींच्या ढिगाऱ्यात एक खरा उल्लेख गाडला जाईल, आणि तो गाडणारे हात आपलेच असतील.

सनद कुठे आहे?

आपल्याला ही शिस्त नवी नाही. हदीसच्या अभ्यासकांनी शेकडो वर्षांपूर्वी ती घालून दिली. एखादे वचन कितीही सुंदर असो, ते कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, मधली कडी तुटली आहे का, सांगणारा सचोटीचा आणि चांगल्या स्मरणशक्तीचा होता का, हे तपासल्याशिवाय ते स्वीकारले जात नसे. या साखळीला सनद म्हणतात. ज्याची साखळी कच्ची ते जईफ आणि रचलेले ते मौजू. वचनाचा आशय चांगला आहे म्हणून रचलेले वचन खरे ठरत नाही. पैगंबरांचे चित्रण न करण्याची मर्यादा तर आपल्या घरातले लहान मूलही जाणते. थोर माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, हा त्याच अदबीचा भाग आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपकडे अशी सनद नसते. एका शब्दानंतर दुसरा कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे असंख्य मजकुरांवरून शिकून ते वाक्ये जुळवते. माहिती असो वा नसो, उत्तर तेवढ्याच ठामपणे देते. आमच्या फातिमाबींनी जन्मतारीख किती खात्रीने सांगितली होती!

तंत्र आणि सनद एकत्र नांदू शकतात, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील यूएससी शोआ फाउंडेशनने ज्यू नरसंहारातून वाचलेल्या वृद्धांना शेकडो प्रश्न विचारून त्यांची उत्तरे चारी बाजूंनी चित्रित केली. आज संग्रहालयात मुले प्रश्न विचारतात आणि समोरची प्रतिमा उत्तर देते. पण प्रत्येक उत्तर त्या माणसाने स्वतः दिलेले असते. संगणक फक्त योग्य उत्तर शोधून काढतो, नवे रचत नाही.

आम्ही काय केले

त्या दोन मुलींचा हिरमोड होऊ द्यायचा नव्हता. म्हणून आठवड्याने आम्ही पुन्हा खिडक्यांना चादरी लावल्या. पिरॅमिड तोच. या वेळी एका मुलीने काळ्या कापडासमोर उभे राहून, स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या आवाजात सावित्रीबाईंचे ते पत्र वाचले होते. आरंभीच तिने सांगितले, "मी नववीची विद्यार्थिनी. मी वाचते ते पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे आहे." दुसरीने मुक्ता साळवे हिच्या निबंधातला भाग वाचला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापला गेला होता. म्हणजे तिचे शब्द तिचेच आहेत, ते खुशाल ऐकावेत.

फातिमाबी मात्र या वेळी बोलल्या नाहीत. त्याऐवजी मुलींनी त्यांना विचारायचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहिले आणि मी ते मोठ्याने वाचले. तुम्ही मुलींना उर्दूही शिकवायच्या का? घरचे रागवायचे का? पगार मिळायचा का? आणि एका चिठ्ठीवर लिहिले होते, "तुमच्याबद्दल कोणी जास्त का लिहून ठेवलं नाही?"

या शेवटच्या प्रश्नाने वर्ग पहिल्या दिवसापेक्षाही जास्त शांत झाला.

घरातल्या फातिमा

जी तक्रार करत नाही, जी नेमाने काम करते, तिच्याबद्दल कोणी लिहून ठेवत नाही. हे दीडशे वर्षांपूर्वी झाले आणि आजही होत आहे. आमच्या नायगावात शंभर वर्षांपूर्वीच्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, माणसे पांगत आहेत. या भागात गिरणीच्या भोंग्यावर घर चालवलेल्या, चाळीतल्या पोरांना कुराण आणि बाराखडी दोन्ही शिकवलेल्या कितीतरी नानी-दादी आहेत. पन्नास वर्षांनी त्यांचे नातू ॲपला सांगतील, "माझ्या दादीसारखी बोल," आणि ॲप यादीतला एक आवाज काढून देईल.

तसे होऊ द्यायचे नसेल तर उपाय आपल्या हातातल्याच मोबाईलमध्ये आहे. मी नववीच्या मुलींना या सुट्टीत हेच काम दिले आहे आणि वाचक भगिनींनाही तेच सुचवते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंची आधी परवानगी घ्या. पंखा आणि टीव्ही बंद करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा. "तुमचं आयुष्य सांगा" असे मोघम विचारू नका, "तुम्ही पहिल्यांदा पैसे कधी कमावले?", "शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का?" असे नेमके विचारा. त्या म्हणाल्या की "आठवत नाही", तर तेही राहू द्या. ध्वनिफितीची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे ठेवा आणि वहीत चार ओळी लिहून ठेवा, कारण मोबाईल बदलतात, वही राहते.

ज्या मुलीने यादीतून आवाज निवडला होता, ती परवा वर्ग सुटल्यावर थांबली. "टीचर, दादी म्हणते मला काय येतं, माझं काय रेकॉर्ड करतेस! आणि मग दीड तास बोलली."

मी विचारले, "सुरुवातीला तारीख सांगितलीस ना?"

"सांगितली, टीचर. आणि दादीचं पूर्ण नावसुद्धा. ते मलाच माहीत नव्हतं."